चांगल्या डोळ्यावर पट्टी : दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे पट्टीचे तास घरात कसे बसवायचे

पट्टी कमजोर डोळ्यावर नाही, चांगल्या डोळ्यावर लावायची, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाची फाइल उघडलीय. लेक अडीच वर्षांची. डावा डोळा कमजोर, उजवा ठणठणीत, आणि झाकायचा उजवा. रोज चार तास.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. नवरा शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत, पाळीची नोकरी. मी पतसंस्थेत, अकरा ते पाच. घरी सासूबाई. हे चार तास तिघांत वाटून घ्यायचे होते आणि पहिल्या दिवशी पट्टी टिकली चाळीस सेकंद. मी डॉक्टर नाही. किती तास, कुठला डोळा, कुठलं औषध हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ठरलेले तास पोराच्या दिवसात बसवायचे कसे, तेवढं मला आता येतं.

लक्षात आलं ते खेळता खेळता. नणंद माहेरी आली होती. ‘बुवा कुक’ खेळताना स्वतःचं तोंड झाकण्याऐवजी तिनं लेकीचा एकेक डोळा तळहातानं झाकायला सुरुवात केली. डावा झाकला, पोर हसतेय. उजवा झाकला की हात ढकलते, मान वळवते, रडायला लागते. तीन-चार वेळा करून बघितलं, प्रत्येक वेळी तेच. बाहेरून दोन्ही डोळे अगदी सरळ, तिरळेपणाचा मागमूस नाही. आम्हाला एरवी कळलंच नसतं, कारण एका डोळ्यानं चांगलं दिसणारं मूल कुठे अडत नाही.

नेमकं बिघडलंय काय

लोक ‘आळशी डोळा’ म्हणतात. डोळा बिचारा आळशी नसतो. मेंदूला दोन डोळ्यांकडून दोन चित्रं मिळतात. त्यातलं एक सतत धूसर किंवा जागा सोडून आलं, तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि लहान वयात हे शिकणं पक्कं बसतं. चांगला डोळा झाकला की मेंदूला कमजोर डोळ्याचं चित्र बघावंच लागतं, म्हणून पट्टी चांगल्यावर. कारणं मुख्यतः तीन. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, तिरळेपणा, किंवा जन्मजात मोतीबिंदू, फार खाली आलेली पापणी यांसारखी वाटेतली अडचण. आमचं पहिलं होतं: उजव्याला प्लस दीड, डाव्याला प्लस साडेपाच.

सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर डोळा सगळ्यात चांगला प्रतिसाद देतो. त्यानंतरही अनेक मुलांत सुधारणा होते, पण वाट लांबते. म्हणून ‘मोठी झाली की जाईल’ हे वाक्य घरात कुणी काढलं तर तिथंच थांबवा. तिरळं पोर नशीबवान असतं, हेही ऐकायला मिळेल. चार महिन्यांच्या पुढच्या बाळाचा डोळा तिरका जात असेल तर नशिबाचं नंतर बघू, आधी डॉक्टर. आणि फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकीऐवजी पांढरी चमक दिसली, तर दोन दिवसही थांबू नका. त्यामागं मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्यातली गाठही.

खासगीत जाणं परवडत नसेल तर आपल्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेत्रविभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात, त्यात डोळेही येतात. अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.

आधी मलम, मग चष्मा, मग पट्टी

एवढ्या लहान पोराचा नंबर कसा काढणार, ही शंका सगळ्यांनाच येते. पोरानं काही सांगायची गरजच नसते. बाहुली मोठी करून, डोळ्यात प्रकाशाची रेघ फिरवून डॉक्टर नंबर काढतात. लहान मुलांना त्यासाठी बऱ्याचदा तीन दिवस घरी अॅट्रोपीनचं मलम घालायला देतात. त्या दिवसांत उन्हाचा त्रास होतो, जवळचं धूसर दिसतं, मूल चिडचिड करतं. मलम सांगितलं तेवढंच, तांदळाच्या दाण्याएवढं घाला आणि लगेच हात धुवा, पोराचेही. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, मूल फारच अस्वस्थ वाटलं तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा.

मग चष्मा. पट्टीपेक्षा चष्म्याचं काम मोठं आहे, हे मला उशिरा कळलं. काही मुलांत नुसत्या चष्म्यानंच कमजोर डोळा बराच सुधारतो, त्यामुळे डॉक्टर काही आठवडे, कधी दोन-चार महिने फक्त चष्मा लावून वाट बघतात. ‘यांनी पट्टी का दिली नाही’ म्हणून दवाखाना बदलू नका.

फ्रेम घेताना आम्ही फसलो. एका दुकानात मोठ्यांचीच फ्रेम लहान केल्यासारखी दिली. ती नाकावरून घसरायची आणि लेक वरून बघायची, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा. फ्रेम मऊ, वाकणारी, मागून इलॅस्टिकचा पट्टा असलेली घ्या. बाहुली काचेच्या मध्यावर आली पाहिजे. काच पॉलिकार्बोनेटची मागा, ती सहसा फुटत नाही, आणि एकाच चांगल्या डोळ्यावर भिस्त असलेल्या मुलाला तेवढी काळजी हवीच.

पट्टी सांगतील त्या दिवशी दवाखान्यातून निघण्याआधी चार गोष्टी फाइलवर लिहून घ्या: झाकायचा डोळा कुठला, उजवा की डावा, हे अक्षरी, रोज किती तास, तास एकदम की तुकड्यांत, पुढची तारीख. हसू नका. डोक्यात ‘कमजोर डोळ्याची पट्टी’ एवढंच राहतं आणि घरी कुणीतरी कमजोर डोळाच झाकून बसवतं. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी झालं होतं.

कुठली पट्टी

चिकटणारी, थेट कातडीवर बसणारी, चष्म्याच्या आत. चष्म्याच्या काचेवर चढवायची कापडी पट्टी दिसायला गोड असते, पण अडीच वर्षांचं पोर नाकाच्या बाजूनं बरोबर फट शोधतं. मग तास भरतात आणि डोळा काहीच करत नाही. कापूस आणि चिकटपट्टीचे घरगुती जुगाड करू नका. सुरुवातीला पाच-सहाच पट्ट्या घ्या, कातडीला सोसतेय का बघा, मग डबा मागवा. लहान मुलांचा आकार गल्लीतल्या मेडिकलमध्ये आयत्या वेळी मिळत नाही, त्यामुळे शेवटची दहा राहिली की सांगून ठेवायची.

पहिला आठवडा

पहिले दोन दिवस आम्ही समजावलं, ओरडलो, चॉकलेट दिलं, हातात मोजे घातले. मोजे तिनं दातांनी काढले. तिसऱ्या रात्री ती झोपल्यावर मी नवऱ्याच्या जुन्या चष्म्याच्या एका काचेला व्हॅसलीन फासलं, दुसऱ्या डोळ्यावर तिची पट्टी लावली आणि ओट्याशी उभी राहिले. ताटलीतला शेंगदाणा उचलायला गेले तर चिमूट दोनदा रिकामी आली. कपात दूध किती भरलंय ते बोट घातल्यावर कळलं. नवरा दारातून काहीतरी म्हणाला आणि तो हसतोय की वैतागलाय ते मला दिसेना. दहा मिनिटांत डोकं भणाणलं आणि मीच पट्टी ओढून काढली.

त्यानंतर तिच्या रागाचा मला राग आला नाही. ती हट्ट करत नव्हती. तिचं चांगलं चाललेलं जग आम्ही पुसट केलं होतं आणि ती ते परत मागत होती. म्हणून आम्ही पट्टी चिकटवण्याची युक्ती शोधायचं सोडलं आणि पट्टी लागल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांवर लक्ष दिलं. ती पार पडली की पुढचा अर्धा तास आपोआप जातो.

आमची रीत अशी बसली. पोट भरलेलं, झोप झालेली. खेळ आधी मांडून ठेवायचा, मग पट्टी. चेहरा धुऊन कोरडा पुसायचा, तेल-पावडर काही नाही. डोळा मिटवून पट्टी लावायची, दिशा पाकिटावरच्या चित्राप्रमाणे, नाकाची कड बोटानं नीट दाबायची, वर चष्मा. आणि त्याच क्षणी दोन्ही हातांत काहीतरी. दोन्ही हात, हे महत्त्वाचं. एक हात रिकामा राहिला की तो थेट पट्टीकडे जातो. आमच्याकडे कणकेचा गोळा चालायचा, आणि त्याहून जास्त माझ्या जुन्या बांगड्या: लाटणं उभं धरायचं आणि एकेक बांगडी त्यात घालायची. पहिल्या दिवशी सगळ्या बांगड्या बाहेरून खाली पडल्या. मी तिचा हात धरून पहिली तेवढी घातली.

ओढून काढली तर काय? पुन्हा लावायची. न बोलता, न चिडता, तोंडावर भाव न आणता. बारा वेळा काढली तर बारा वेळा. चिकटपणा गेला की नवी. पहिल्या आठवड्यात पट्ट्या वाया जाणार, तो खर्च धरूनच चाला. आम्ही डॉक्टरांना विचारून पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करत दहा दिवसांत चार तासांवर आलो. काही डॉक्टर पहिल्या दिवसापासून पूर्ण तास मागतील, त्यांचं ऐका. हात बांधणं, कोपराला फळी लावणं असले प्रकार आपल्या मनानं करू नका.

झोपेतले तास धरायचे नाहीत, डोळा मिटलेला असतो. आणि पट्टी लावलेलं मूल खरोखर कमी बघतं, हे घरातल्या सगळ्यांना बजावा. जिन्याला फळी, पाट-स्टूल वाटेतून बाजूला, गरम चहा हाताबाहेर. रस्त्यावर हात सोडायचा नाही, स्कूटीवर पुढं उभं करायचं नाही.

चार तास आणायचे कुठून

इथं एक चांगली बातमी आहे. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटानं तीन ते सात वर्षांच्या मुलांवर बरेच अभ्यास केले. २००३ मध्ये त्यांना आढळलं की दृष्टी मध्यम कमी असेल, साधारण ६/१२ ते ६/२४ (म्हणजे चांगल्या नजरेला बारा ते चोवीस मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसतं), तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच चालते. दृष्टी फार कमी असेल तर सहा तास आणि दिवसभर यांतही मोठा फरक निघाला नाही. आणि २००८ मध्ये असं दिसलं की पट्टीच्या वेळात चित्र रंगवणं, मणी ओवणं अशी जवळचीच कामं करवून घेतल्यानं जास्तीचा फायदा होत नाही. आमची लेक त्या वयोगटापेक्षा लहान होती, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “जागी असू दे, डोळा उघडा असू दे, काहीतरी बघत असू दे.” माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथं उतरलं. तोवर मी तिला पाटीसमोर बसवायला बघत होते.

मग आमचा पहिला तुकडा ठरला सकाळचा, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. म्हशी उभ्या, समोर धार काढून ग्लासात देतात, फेसासकट. नवऱ्याच्या कडेवर बसून पोर म्हशीची शेपटी बघत बसायची, पट्टीकडे हातच जायचा नाही. चाळीस मिनिटं सुटली. दुसरा तुकडा मी कामावर जाण्याआधी, बांगड्या आणि कणीक. तिसरा दुपारी सासूबाईंकडे. चौथा संध्याकाळी रंकाळ्यावर किंवा दारातल्या कट्ट्यावर, केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गाड्या मोजत. मोजायचं काय, दर गाडी ‘एक’च असायची.

शेंगदाणे, वाटाणे, बारीक मणी या वयात देऊ नका, घशात अडकतात. मोबाइलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोजचा खेळ म्हणून नाही, पण ताप आलाय, बाहेर धो-धो पाऊस, सगळे दमलेत, अशा दिवशी वीस मिनिटं लावला तर पाप नाही. आमच्याकडे जुलैत बरेच दिवस तसे आले.

रोजकीर्द

पतसंस्थेची सवय, म्हणून मी वही केली. रकाने पाच: लावली, काढली, मिनिटं, कोण होतं, शेरा. ओढून काढून परत लावेपर्यंतची मिनिटं वजा. रात्री बेरीज. एका दिवसाची नोंद अशी आहे: ‘सकाळी ७.१० ते ७.५०, कट्टा, एकदा ओढली. ९.३० ते १०.२०, बांगड्या. दुपारी १ ते ३, आजी. संध्याकाळी ५.५० ते ६.२०, रंकाळा, पाऊस, परत. एकूण चार तास.’

वही कागदावर जुळत होती, तरी दीड महिन्यानं तपासणीत डोळा फारसा हलला नव्हता. डॉक्टरांनी तास खरे भरतात का विचारलं. मी ठामपणे हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात बँकेची सुट्टी निघाली म्हणून मी दुपारी घरी आले, तर पट्टी चौकटीला चिकटवलेली आणि पोर मजेत. सासूबाई म्हणाल्या, “जरा वारं लागू दे की डोळ्याला. सारखं काय छळायचं पोरीला? मी लावतो परत.” (आमच्याकडे बायकाही ‘मी लावतो’च म्हणतात.) दुपारचे दोन तास म्हणजे खरा अर्धा तास होता.

भांडण करायचं फार मनात आलं. नवऱ्यानं शहाणपणा केला, पुढच्या तारखेला आईलाच दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी लेकीचा उजवा डोळा झाकला आणि हातभर अंतरावर लहानसं खेळणं धरलं. पोरीला ते दिसेना. ती हात पुढं करून हवेत चाचपत राहिली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून घरात सगळ्यात कडक हिशेब त्यांचा. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर लेख वाचून दाखवू नका, एकदा तपासणीला न्या.

बाकी लोकांचं फार मनावर घेऊ नका. महाद्वार रोडवर दर दहा पावलांना कुणीतरी विचारणारच, “डोळं आल्यात व्हय गं पोरीचं?” ‘डोळ्याची तालीम चाललीय’ म्हटलं की पेठेत लगेच कळतं. तिच्या खेळण्यातल्या बाहुलीलाही एक पट्टी लावून टाका, कापडाची चालेल. बालवाडीत जात असेल तर बाईंना चिठ्ठी द्या: कुठला डोळा, कधीपर्यंत, पडली तर काय. गाजर खायला घाला, काजळ घालू नका, आणि डोळ्यात मध, दूध, अर्क काहीही सोडू नका.

कातडी

मे महिन्याच्या घामानं आणि पावसाळ्यातल्या दमट हवेनं गालावर लाल चट्टा उठतोच. पट्टी ओढून काढायची नाही. कोमट पाण्यानं किंवा खोबरेल तेलानं कडा ओल्या करून, कातडी धरून सावकाश सोडवायची, आणि रात्री ती जागा मोकळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी पट्टी थोडी तिरकी लावा म्हणजे कड त्याच जागी बसत नाही. कातडी सोलली असेल तर त्यावर पट्टी नाही. डॉक्टरांना कळवा.

पट्टी अजिबातच सोसत नसेल तर काही मुलांना चांगल्या डोळ्यात अॅट्रोपीनचे थेंब देतात, त्यानं त्या डोळ्याला जवळचं धूसर होतं. मध्यम कमजोरीत ते पट्टीच्या तोडीस तोड ठरल्याचं २००२ मध्येच दिसलं आहे. पण बाटली कुलपात ठेवा. पोटात गेली तर ते विष आहे.

तारखा चुकवू नका

पट्टीनं चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, आणि मूल जितकं लहान तितका हा धोका जास्त. म्हणून लवकर-लवकर बोलावतात, आणि म्हणूनच काल दोन तास राहिले तर आज सहा भरायचे नाहीत. गावाला चाललात, जोतिबाची यात्रा आहे, तरी तारीख पुढं ढकलायची तर फोन करून विचारा. मधेच कुठला डोळा तिरका जायला लागला, लाल झाला, चिकटायला लागला, तर तारखेची वाट बघू नका.

पट्टीनं तिरळेपणा सरळ होईलच असं नाही. त्याला कधी पुढं ऑपरेशन लागतं, आणि ऑपरेशननं नजर वाढत नाही. दोन्ही कामं वेगळी. पट्टी किती दिवस, याला महिन्यांत उत्तर मिळेल, आठवड्यांत नाही. आमची चौदा महिने चालली. नजर वाढते ते आधी घरात कळतं: पट्टी लावताना विरोध कमी होतो. बांगडी पहिल्या फटक्यात लाटण्यात गेली त्या दिवशी शेऱ्यात मी तेवढंच लिहिलंय.

थांबवतानाही एकदम नाही. आमचे चार तासांवरून दोन, मग एक, मग बंद. उपचार थांबल्यावर वर्षभरात सुमारे पाव मुलांत नजर पुन्हा घसरते, म्हणून तपासण्या चालू राहतात आणि चष्मा तर राहतोच. घरचा खेळ तपासणीच्या जागी चालत नाही, तरी महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही बुवा कुक खेळतो. परवा नणंदेनंच खेळवलं. डावा डोळा झाकला तर लेक म्हणाली, “हात काढ की, दिसंना मला.” उजवा झाकला, तर तेच म्हणाली, तेवढ्याच जोरात, आणि मग तळहाताच्या फटीतून तिच्या कानातला डूल बरोब्बर धरला.